चर्चचें विद्यापीठ व आमचा धर्मादाय

पेठेंतील जुन्या वह्या ज्यांनीं चाळल्या आहेत त्यांस एक गोष्ट ठाऊक आहे. माल मिरचीचा असो, ज्वारीचा असो वा कापसाचा असो, हिशेबपट्टीच्या अखेरीस अडत, हमाली व तोलाई यांच्या पंक्तीस धर्मादायाची एक रेघ असावयाचीच. ती रक्कम लहान असे. देणाऱ्यास जाणवत नसे आणि घेणाराही ती आपल्या खासगी खात्यांत ओढण्यास धजत नसे. अशा रेघांच्या बेरजेवर या देशांत देवळें उभीं राहिलीं, धर्मशाळा बांधल्या गेल्या, पांजरपोळ चालले. आमच्या लोकांस दान करतां येत नाहीं असें जो म्हणतो, तो आमच्या लोकांस ओळखीत नाहीं. प्रश्न दानाचा नाहीं. दान कोणत्या कामीं लागतें याचा आहे. ज्या गांवाच्या नांवांतच धर्म वस्तीस आला आहे त्या धर्माबादेच्या नागरिकांपुढें व व्यापाऱ्यांपुढें हा प्रश्न आज आम्ही मुद्दाम मांडीत आहों, आणि त्यासाठीं उदाहरण घेत आहों तें एका लहानशा ख्रिस्ती पंथाच्या विद्यापीठाचें. उदाहरण परक्याचें आहे म्हणून कोणी बिचकूं नये. हिशेब शिकावयाचा तर तो ज्याच्या वहींत नीट लिहिलेला असेल त्याच्याकडून शिकावा.

पुण्यास औंध रस्त्यावर स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठ या नांवाची संस्था आहे. पुणेकरांपैकीं पुष्कळांस ती ठाऊक आहे ती तेथील विद्येमुळें नव्हे, तर तेथील गव्हाच्या पावामुळें व शेंगदाण्याच्या लोण्यामुळें. विद्यापीठानें पाव भाजावे हें आमच्या कल्पनेंत बसत नाहीं. परंतु या पावाच्या भट्टींतच त्या संस्थेच्या शिक्षणविचाराचें मर्म आहे, म्हणून तिचा इतिहास थोडक्यांत सांगणें अवश्य आहे.

सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट हा पंथ अमेरिकेंत १८६३ सालीं संघटित झाला. रविवाराऐवजीं शनिवार हा विश्रांतीचा व उपासनेचा वार मानणें, दारू व तंबाखू यांस न शिवणें, शाकाहाराचा पुरस्कार करणें, हे त्याचे विशेष. शिक्षणासंबंधीं त्याचें मत असें कीं, डोकें, अंतःकरण व हात या तिहींस एकदम वळण लागलें तरच मनुष्य तयार होतो. एकास वाढवून दोहोंस उपाशीं ठेविलें तर पंडित निपजेल, पण माणूस निपजेल याची खात्री नाहीं. या मतास अनुसरून त्यांनीं १८७४ सालीं मिशिगन प्रांतीं बॅटल क्रीक येथें महाविद्यालय काढिलें. पुढें १९०१ सालीं तें गांव सोडून त्यांनीं बेरियन स्प्रिंग्ज येथें शेतजमिनीवर नवा संसार मांडिला. तेंच आजचें अँड्र्यूज विद्यापीठ होय.

हिंदुस्थानांत या पंथाची शाळा १९१५ सालीं कोइमतूर येथें निघाली. त्या वेळीं तिची योग्यता एवढीच होती कीं, चर्चच्या कामासाठीं देशी माणसें तयार करावीं. तेथून ती बंगलोरास व नंतर बंगलोरजवळील कृष्णराजपुरम् येथें गेली. १९३७ सालीं तिला विल्यम ॲम्ब्रोज स्पायसर यांचें नांव मिळालें. हे गृहस्थ प्रथम कलकत्त्यास काम करून गेलेले व पुढें १९२२ पासून १९३० पर्यंत त्या पंथाचे जगांतील मुख्य अध्यक्ष. १९४२ सालीं, एकीकडे महायुद्ध व दुसरीकडे 'चले जाव' अशी देशाची स्थिति असतां, संस्थेनें पुण्यास बिऱ्हाड केलें. आणि २०१४ सालीं महाराष्ट्राच्या विधिमंडळाच्या कायद्यानें ती विद्यापीठ झाली. शाळेपासून विद्यापीठापर्यंत पोहोंचण्यास ९९ वर्षें लागलीं. तीन गांवें बदललीं, नांवें बदललीं, राज्यें बदललीं. पण हातीं घेतलेलें काम कोणीं खालीं ठेविलें नाहीं. आमच्या संस्था चार वर्षांत दोन तट पडून कोर्टाची पायरी चढतात हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस या ९९ वर्षांची किंमत निराळी सांगावयास नको.

तेथें शिकवितात तरी काय? भाषा, इतिहास, विज्ञान, वाणिज्य, शिक्षणशास्त्र, गणकयंत्राची विद्या आणि पंथाचें धर्मशास्त्र. यादींत अपूर्व असें कांहीं नाहीं. अपूर्व आहे ती रचना. शिक्षक व विद्यार्थी बहुतांशीं एकाच आवारांत राहतात. विद्यार्थी देशाच्या नाना प्रांतांतून येतात. आणि अभ्यासाबरोबर हातकामासही शिक्षणाचें अंग मानलें जातें, त्यांतून अनेकांच्या खर्चाचा कांहीं भारही हलका होतो. विद्यार्थी-संख्येच्या मानानें हें विद्यापीठ लहानच आहे. शेंकडों महाविद्यालयें पदराखालीं घेऊन परीक्षांचे गठ्ठे वाहणाऱ्या आमच्या सरकारी विद्यापीठांपुढें तें झोंपडीसारखें दिसेल. परंतु झोंपडींत दिवा असतो आणि वाड्यांत कधीं कधीं नुसत्या भिंती असतात, हें विसरून चालावयाचें नाहीं.

अशा ठिकाणच्या शिक्षणास उदार शिक्षण म्हणतात. उदार याचा अर्थ फुकट नव्हे. मनुष्याला एकाच धंद्याचें हत्यार न करितां त्याच्या बुद्धीस अनेक दिशांनीं मोकळें करणारें. आमचे व्यापारी मित्र येथें विचारतील कीं, इतिहास व तर्कशास्त्र घेऊन आम्ही काय करावें? त्यांतून भाव कळतो काय? त्यांस आम्ही आपल्याच तालुक्यांतील बाभळीच्या बंधाऱ्याचें उदाहरण देतों. गोदावरीवर बंधारा बांधणें हें एंजिनियराचें काम. तें त्यानें केलें. पण बंधारा उभा राहिल्यावर शेजारच्या राज्याशीं तंटा पडला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०१३ सालच्या निकालानें १ जुलै ते २८ आक्टोबर दरवाजे उघडे ठेवावे असें ठरलें. म्हणजे पावसाळ्याचें भरतें पाणी डोळ्यांदेखत खालीं जावयाचें. हा तंटा समजून घेण्यास नुसतें सिमेंट व लोखंड कळून भागत नाहीं. नदीचा भूगोल, दोन राज्यांतील करारांचा इतिहास, कायद्याची भाषा, शेजाऱ्याची तेलुगु भाषा व त्याच्या मनांतील भीति, इतकें सारें कळावें लागतें. ज्या गांवांत हें सारें जाणणारीं दहा माणसें असतील त्या गांवाचा शब्द राजधानींत ऐकला जाईल. ज्या गांवांत तशीं माणसें नाहींत, तें गांव दुसऱ्याच्या निकालाची वाट पाहत बसेल. उदार शिक्षण ही श्रीमंतांची चैन नसून गांवाच्या स्वसंरक्षणाचें साधन आहे, असें आमचें मत आहे तें याच कारणास्तव.

हातकामाविषयींही दोन शब्द बोलले पाहिजेत. आमच्या समाजांत पुस्तक हातीं आलें कीं खुरपें सुटतें, आणि चष्मा लागला कीं बापाच्या दुकानांतील पोतें उचलण्याची लाज वाटूं लागते. ही लाज विद्येची नसून जातीची आहे; श्रमणारा खालचा व बसणारा वरचा या जुन्या रोगाची ती नवी खूण आहे. पिठांत हात घालून पाव भाजणारा पदवीचा विद्यार्थी या रोगावर जेवढा इलाज करतो तेवढा शंभर व्याख्यानांनीं होत नाहीं. हा विचार केवळ अमेरिकेंतून आला असेंही नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था काढिली, १९२४ सालीं सातारा येथें सर्व जातींच्या मुलांचें एकत्र वसतिगृह चालविलें, आणि स्वतः कमवून शिकण्याचा धडा खेड्यांतील हजारों मुलांस दिला. त्यांच्यापाशीं चर्च नव्हतें, परदेशचा पैसा नव्हता. शेतकऱ्याच्या घरचें मूठभर धान्य होतें. तात्पर्य, गोष्ट धर्माची नसून निश्चयाची आहे.

स्पायसर हें या मालिकेंतील अगदीं अलीकडचें नांव. चर्चच्या आश्रयानें उच्च शिक्षण देण्याचा उद्योग या देशांत दोनशें वर्षांहून जुना आहे. बंगाल्यांतील श्रीरामपूर येथें केरी, मार्शमन व वॉर्ड या तिघांनीं १८१८ सालीं महाविद्यालय स्थापिलें, व डेन्मार्कच्या राजानें १८२७ सालीं त्यास पदव्या देण्याची सनद दिली. याच केरीनें १८०५ सालीं मराठीचें व्याकरण व १८१० सालीं मराठीचा कोश प्रसिद्ध केला, हें मराठी म्हणविणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें. मुंबईस स्कॉटिश पाद्री डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं शाळा घातली. तिचेंच पुढें विल्सन महाविद्यालय झालें. नागपुरास स्टीफन हिस्लॉप यांनीं १८४६ सालीं शाळा काढिली. त्यांच्या नांवाचें महाविद्यालय १८८३ सालीं निघालें. जेसुइट पंथाचें सेंट झेवियर महाविद्यालय १८६९ सालचें. आणि अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथें डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनीं १९४७ सालीं महाविद्यालय स्थापिलें. शेवटचें उदाहरण आम्हांस विशेष मोलाचें वाटतें. कारण संस्थापक परदेशी पाद्री नसून मराठी मातीचा मनुष्य होता, आणि जागा मुंबई-पुण्याची नसून दुष्काळी जिल्ह्याची होती.

या लोकांनीं आपली विद्या केवळ प्रार्थनेपुरती ठेविली नाहीं. विल्सन यांनीं गिरनारच्या अशोकलेखांचा अभ्यास केला, पुढें ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरु झाले. हिस्लॉप यांनीं नागपूर प्रांतींचे खडक व अश्मीभूत अवशेष तपासले, गोंड लोकांची भाषा व चालीरीति टिपल्या, आणि १८६३ सालीं टाकळघाटचीं प्राचीन शिळावर्तुळें पाहून परततांना रात्रीं पुराच्या पाण्यांत ते बुडाले. झेवियर महाविद्यालयांत फादर हेरास यांनीं १९२६ सालीं इतिहास-संशोधनाचें मंदिर उभारलें. आणि त्यांच्या हाताखालून निघाले कोण? विल्सन महाविद्यालयांतून बाळ गंगाधर खेर निघाले, जे १९३७ सालीं मुंबई इलाख्याचे मुख्यमंत्री झाले. मोरारजी देसाई निघाले, जे १९७७ सालीं भारताचे पंतप्रधान झाले. आणि पांडुरंग वामन काणे निघाले, ज्यांनीं धर्मशास्त्राचा इतिहास लिहून १९६३ सालीं भारतरत्न ही पदवी मिळविली. पाद्र्याच्या महाविद्यालयांत शिकलेला विद्यार्थी धर्मशास्त्राचा सर्वांत मोठा इतिहासकार होतो, या एका गोष्टींत पुष्कळ वादांचें उत्तर आहे.

तरीपण आक्षेपास टाळून पुढें जाणें हें आमचें व्रत नव्हे. मिशनच्या शाळेंत मुलगा घातला कीं तो बाटतो, ही भीति आमच्या आजोबांस होती व ती सर्वस्वीं निराधार नव्हती. १८३९ सालीं विल्सन यांच्या शाळेंतील धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला; प्रकरण कोर्टांत गेलें आणि पालकांनीं आपलीं मुलें शाळेंतून काढिलीं. १८४३ सालीं नारायण शेषाद्री यांनीं बाप्तिस्मा घेतला, व त्यांचा धाकटा भाऊ श्रीपाद याच्यावरून मुंबईंत मोठें रण माजलें. त्या वेळीं बाळशास्त्री जांभेकर यांनीं त्या मुलास प्रायश्चित्त देऊन पुन्हां स्वधर्मांत घेण्याची खटपट केली, आणि सनातन्यांचे शिव्याशापही सोसले. मिशनऱ्यांचा हेतु निव्वळ विद्यादानाचा होता असें आम्ही म्हणत नाहीं. तो तसा नव्हता, आणि त्यांनींही तो कधीं लपविला नाहीं.

परंतु या भीतीचा खरा जाब कोणीं दिला? शाळा ओस पाडणाऱ्यांनीं नव्हे. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले. अहमदनगरास अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून त्यांनीं धडा घेतला, आणि १८४८ सालीं पुण्यास मुलींची शाळा काढिली. ते ख्रिस्ती झाले नाहींत. पण शूद्रांस व स्त्रियांस विद्या नको म्हणणाऱ्यांचे गुलामही राहिले नाहींत. पुढें पुण्यास डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली व १८८५ सालीं फर्ग्युसन महाविद्यालय उभें राहिलें. १९१६ सालीं अण्णासाहेब कर्वे यांनीं स्त्रियांचें विद्यापीठ स्थापिलें. दुसऱ्याच्या दिव्यास फुंकर घालून आपलें घर उजळत नाहीं. आपला दिवा लावावा लागतो. धर्म बुडण्याची भीति ज्यास वाटते त्यानें प्रथम हें पाहावें कीं, आपल्या घरच्या धर्मानें शेजारच्या अस्पृश्य मुलास पाटीला हात लावूं दिला होता काय. जेथें आम्हीं दार लाविलें तेथें दुसऱ्यानें उघडलें. यांत दोष उघडणाऱ्याचा अधिक कीं लावणाऱ्याचा?

आज तर राज्यघटनेनेंच मर्यादा घालून दिली आहे. अनुच्छेद ३० अन्वयें अल्पसंख्याकांस आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालविण्याचा हक्क आहे. आणि अनुच्छेद २८ अन्वयें सरकारमान्य अथवा सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेंत कोणासही त्याच्या अगर पालकाच्या संमतीवांचून धार्मिक शिक्षणास वा उपासनेस बसवितां येत नाहीं. एक कलम संस्थेचें रक्षण करतें, दुसरें विद्यार्थ्याच्या विवेकाचें. दोन्ही पाळलीं जावींत यासाठीं पालकांनीं डोळे उघडे ठेवावे, कायद्याचा आधार घ्यावा; पण संशयाच्या नांवाखालीं दगड हातीं घेणें हें सुज्ञांचें काम नव्हे.

स्पायसरसारख्या संस्थांत उणिवाही आहेत, व त्या सांगितल्यावांचून स्तुतीस किंमत येत नाहीं. पहिली ही कीं, आपला अभ्यासक्रम आपणच आंखावयाचा या आग्रहानें जी संस्था चालू वाटेनें जात नाहीं, तिच्या विद्यार्थ्यास पदवीची ओळख पटवितांना त्रास सोसावा लागतो. स्पायसरनें वरिष्ठ अभ्यासक्रमांसाठीं दूर मिशिगनच्या अँड्र्यूज विद्यापीठाशीं संबंध जोडिला होता. घरचें छत्र मिळण्यास २०१४ साल उजाडलें. दुसरी उणीव ही कीं, तेथील व्यवहाराची भाषा इंग्रजी आहे. अनेक प्रांतींचे विद्यार्थी एकत्र येतात म्हणून ती सोयीची खरी, पण त्यामुळें पुण्यांत असूनही ही संस्था मराठी माणसाच्या संसारांत शिरली नाहीं, पावापुरतीच राहिली. तिसरी, एका पंथाच्या आवारांत राहणाऱ्या विद्यार्थ्यास आवाराबाहेरच्या मतांशीं झुंज घेण्याची संधि कमी मिळते, आणि झुंजीवांचून बुद्धीस धार येत नाहीं. या उणिवा घ्याव्या असें आम्ही म्हणत नाहीं. निवडून घ्यावें असें म्हणतों.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. वर सांगितलेले नारायण शेषाद्री पुढें जालन्यास आले व त्यांनीं जालन्याजवळ बेथेल नांवाची वस्ती वसविली. निजामच्या मुलखांत, दुर्लक्षिलेल्या लोकांत, शाळेची व शेतीची सांगड घालण्याचा तो मराठवाड्यांतील आरंभीचा प्रयत्न. पण त्यांतून महाविद्यालय उगवलें नाहीं. सरकारनें १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ काढिलें. देशी भाषेंतून वरिष्ठ शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग होता हें आम्ही मोकळेपणानें मान्य करतों; पण ती देशी भाषा उर्दू होती, आणि नांदेड-धर्माबादेच्या शेतकऱ्याच्या मुलास ती इंग्रजीइतकीच परकी होती. म्हणून १९२१ सालीं हिप्परगा येथें राष्ट्रीय शाळा निघाली, म्हणून स्वामी रामानंद तीर्थ संन्यासाच्या कफनींत मास्तर झाले. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट संपली, आणि दोन वर्षांच्या आंत, १९५० सालीं, नांदेडास पीपल्स महाविद्यालय व औरंगाबादेस, आतांच्या छत्रपती संभाजीनगरास, डॉ. आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचें मिलिंद महाविद्यालय अशा दोन संस्था चालूं लागल्या. १९५८ सालीं मराठवाड्याचें विद्यापीठ झालें, १९९४ सालीं नांदेडास स्वामीजींच्या नांवाचें विद्यापीठ झालें. उपाशी मनुष्य ताटावर बसावा तसे आम्ही विद्येवर बसलों. परंतु भूक भागविण्याच्या घाईंत जेवण पचविण्याकडे दुर्लक्ष झालें, असें आतां म्हणावें लागतें.

कारण पदवीचें शिक्षण आज आमच्या तालुक्याच्या गांवीं येऊन पोहोंचलें आहे, तरी विद्या तितकी पोहोंचली आहे काय? मराठवाड्यांतील पुष्कळ ठिकाणीं प्रवेशाच्या दिवशीं विद्यार्थी दिसतो, परीक्षेच्या दिवशीं दिसतो. मधल्या काळांत वर्गाच्या बांकांवर धूळ बसते. मार्गदर्शिका विकली जाते, ग्रंथ उघडला जात नाहीं. कला शाखेस तर 'दुसरें कांहीं जमलें नाहीं म्हणून' अशी ओळख लाविली जाते, आणि ज्यास दुसरें जमतें तो लातुराच्या शिकवणीवर्गाची गाडी धरतो. आम्हांस लातूरच्या उद्योगाचा मत्सर नाहीं. पण डॉक्टर व एंजिनियर हेच मनुष्य आणि बाकीची मंडळी उरलेला भुसा, ही समजूत ज्या समाजानें करून घेतली त्या समाजास चांगला शिक्षक, चांगला वकील, चांगला पुढारी व चांगला व्यापारी मिळावयाचा कोठून?

आमच्या गांवापासून जवळच गोदाकांठीं बासर येथें सरस्वतीचें स्थान आहे. पांच वर्षांच्या मुलास घेऊन आम्ही भक्तिभावानें तेथें जातों, त्याचें बोट धरून तांदुळांत अक्षर काढवितों, दक्षणा देतों, परत येतों. हा संस्कार सुंदर आहे. परंतु वीस वर्षांचा झाल्यावर त्याच मुलास बसून वाचावयास गांवांत एक शांत खोली, एक जळता दिवा व दोन हजार चांगले ग्रंथ नसतील, तर देवीची आम्हीं पूजा केली कीं समजूत काढली? ॲडव्हेंटिस्टांस सरस्वती ठाऊक नाहीं. पण तिची नोकरी ते आमच्याहून नेमानें करतात.

म्हणून आमच्या सूचना ऐका. त्या आकाशांतल्या नाहींत. धर्माबादेस स्वतंत्र विद्यापीठ हवें असें आम्ही म्हणत नाहीं. जी शाळा-महाविद्यालयें आहेत त्यांच्याभोंवतीं विद्येचें घर उभें राहावें, एवढेंच म्हणणें आहे. पहिलें, सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठीं एक व मुलींसाठीं एक, अशीं दोन वसतिगृहें, जेथें एकाच पंक्तीस जेवण होईल. दुसरें, त्यांस जोडून काम. मिरचीची पेठ आमच्या दारांत आहे. प्रतवारी, कांडप, साठवण, हिशेब, पत्रव्यवहार या कामीं विद्यार्थ्यास दिवसाचे दोन तास सन्मानानें घ्यावे व रोख मजुरी द्यावी. त्याचा खर्च निघेल आणि आमच्या पेठेसही हिशेबी माणूस मिळेल. मात्र शिकणारा मुलगा स्वस्त मजूर म्हणून वापरला गेला तर तें विद्यादान नसून चोरी होय, हेंही येथेंच सांगून ठेवितों. तिसरें, रात्रीं उघडें राहणारें ग्रंथालय, ज्यांत मराठी, तेलुगु, उर्दू व इंग्रजी अशा चारही भाषांचे ग्रंथ असतील. सरहद्दीच्या गांवाचें दैव असें कीं, चार भाषा कानांवर फुकट पडतात. त्या वाचतांही आल्या तर तेंच आमचें भांडवल होईल. चौथें, या सर्व निधीचा हिशेब दर वर्षीं छापून चव्हाट्यावर लावावा, म्हणजे तट पडण्यास निमित्त राहणार नाहीं.

पैसा कोठून आणावा, हा प्रश्न व्यापाऱ्यांनीं आम्हांस विचारूं नये. प्रेमचंद रायचंद यांनीं मुंबई विद्यापीठास ग्रंथालय व आईच्या नांवाचा राजाबाई मनोरा दिला. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं १९२० सालीं कर्व्यांच्या महिला विद्यापीठास १५ लाख रुपयांची देणगी दिली, व त्या विद्यापीठानें त्यांच्या मातुश्रींचें नांव धारण केलें. दोघेही कापसाचे व्यापारी. दोघांनींही आईचें नांव दगडांत न खोदतां विद्येंत खोदलें. देवळाच्या कळसास आमचा विरोध नाहीं. पण एका गांवांत कळसावर कळस चढावेत आणि त्याच गांवचा हुशार मुलगा खोलीभाडें परवडत नाहीं म्हणून शिक्षण सोडून घरीं यावा, यांत देवास संतोष वाटत असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

धर्म म्हणजे धारण करणारा, असें आमचे शास्त्री सांगत आले आहेत. एक लहान पंथ परमुलखांत येऊन, तीन गांवें फिरून, ९९ वर्षें एक शाळा धारण करतो आणि तिचें विद्यापीठ करून दाखवितो. आमचा धर्म त्याहून पुरातन, आमची संख्या त्याहून अनेक पटींनीं मोठी, आणि जमीन तर आमचीच. मग हिशेबपट्टीवरील ती धर्मादायाची रेघ पुन्हां ओढावयास अडचण कोणती? मात्र ती जुलमानें कापलेली नसावी. खुशीची, उघड पावतीची व विद्येच्या खात्याची असावी. येत्या हंगामांत मिरचीचीं पोतीं पेठेंत उतरतील तेव्हां पांच व्यापाऱ्यांनीं एकत्र बसून अशी एक वही घालावी. पहिल्या पानावर 'श्री' लिहावें, आणि त्याखालीं वसतिगृहाच्या पहिल्या खोलीची रक्कम मांडावी.